गावाच्या वरचा डोंगर 'राखीव' करायचा म्हणतात. बाहेरच्या देशांत हे कसं चालतं?

घाटमाथा
राम राम मंडळी. कन्नड तालुक्यातून लिहितोय. गौताळा अभयारण्याची हद्द आमच्या शिवारापासून दीड कोसावर. दोन एकर अद्रक, तीन एकर मका, बाकी देवाच्या भरवशावर.

विषय असा. गावातल्या एका रिटायर गुरुजींनी काढलं की वरचा डोंगर आणि खालचं गायरान मिळून 'समुदाय राखीव' करून घेऊ. अभयारण्य नव्हे, गावाच्याच हातातलं, असं ते म्हणतात. पण 'राखीव' शब्द कानावर पडला आणि पारावरचा अर्धा गाव उठून उभा राहिला. आज दगड रोवतील, उद्या चराई बंद करतील, परवा आपल्यालाच उठवतील. माझा चुलता तर म्हणाला, मोर नाचतो म्हणून आपण उपाशी राहायचं का?

सरपंचांनी हे माझ्या गळ्यात घातलं. "तू रात्रभर मोबाईलवर असतो, तूच माहिती काढ." आता मी रात्रभर मोबाईलवर असतो तो जागलीला असतो म्हणून. मक्याला कणसं धरली की रानडुकरं एका रात्रीत अर्धा एकर आडवा करतात. रोही कुंपणावरून असं जातं की जसं कुंपण त्याला दिसलंच नाही. झटका मशीन लावलंय. त्याची टकटक चालू असली की झोप लागते, टकटक थांबली की जाग येते.

तर एवढंच सांगा. दुसऱ्या देशांत जंगल राखतात ते गावाला उठवून का गावाला धरून? मालकी कुणाची, पैसा कुणाचा, आणि रात्रीतून मका गेला तर भरून कोण देतं? सोमवारी ग्रामसभा आहे. यूट्यूबवरचं नको, कुणी डोळ्यानं बघितलं असेल किंवा नीट वाचलं असेल तर लिहा.

डेन्व्हरचा लातूरकर
दादा, मी मूळचा औशाकडचा. अकरा वर्षं झाली कोलोरॅडोत. आमच्या लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही, त्यामुळं इथं आल्यावर आधी झाडंच बघत बसलो.

सगळ्या जगानं ज्याची नक्कल केली ते यलोस्टोन, १८७२ सालचं, जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. जवळपास ९,००० चौरस किलोमीटर. दोनदा जाऊन आलो. बघताना वाटतं इथं माणूस कधी नव्हताच. पण शोशोनी, क्रो, बॅनॉक हे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथं शिकारीला, कंदमुळाला यायचे. त्यांना रिझर्वेशनवर, म्हणजे सरकारनं आखून दिलेल्या वेगळ्या जागेत, नेऊन बसवलं. १८८६ पासून १९१८ पर्यंत ते उद्यान लष्कराच्या ताब्यात होतं. म्हणजे तुमच्या चुलत्यांना जी भीती वाटते ती पहिल्या उद्यानापासूनच खरी आहे.

पण दोन गोष्टी घेण्यासारख्या. एक, गेटवर जमा होणाऱ्या पैशातला किमान ८० टक्के भाग त्याच उद्यानाकडे ठेवायची सोय कायद्यात आहे. आधी वॉशिंग्टनला जाऊन मग परत यायची भानगड नाही. दुसरी गोष्ट कोलोरॅडोचीच. २०२० साली इथं लांडगे परत आणायचे का यावर राज्यभर मतदान झालं. जेमतेम ५१ टक्क्यांनी 'हो' निघालं. हो म्हणणारे बरेचसे डेन्व्हर-बोल्डरचे, आणि लांडगे सुटणार गाईगुरं पाळणाऱ्यांच्या पश्चिम भागात. डिसेंबर २०२३ मध्ये पहिले दहा लांडगे सोडले. गुराख्यांचा राग अजून उतरलेला नाही. मात्र लांडग्यानं वासरू मारलं तर एका जनावरामागं १५,००० डॉलरपर्यंत भरपाई कायद्यातच लिहिली.

माझा शेजारी हौसेनं 'हो'ला मत देऊन आला होता. त्याच्याकडं एक मांजर आहे.

टेलीलेन्स
मी पुण्याचा, फोटोग्राफी करतो. थोडं कटू बोलतो. माणसाला हात लावायचा नाही, चराई चालू ठेवायची, आणि जंगलही वाचवायचं, हे तिन्ही एकदम होत नाही. धाराशिवकडच्या येडशी-रामलिंगचं उदाहरण घ्या. अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटर. २०२४ च्या डिसेंबरात तिथल्या कॅमेऱ्यात वाघ आला, यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला. त्या वाघानं राहायचं कुठं? बार्शीच्या द्राक्षबागेत? काही जागा तरी पूर्ण मोकळी पाहिजे. सेरेंगेटी जवळपास १५,००० चौरस किलोमीटर आहे म्हणून सेरेंगेटी आहे.

घाटमाथा
साहेब, वाघ आमच्या गौताळ्यातही आला होता, २०२१ ला. टिपेश्वरहूनच. एवढ्या वाटेत तो आमच्यासारख्यांच्या कापसातून, तुरीतूनच आला ना? पूर्ण मोकळी जागा लागत असती तर तो पुसदच्या पुढं सरकला नसता.

मोहफूल
सेरेंगेटीचं नाव निघालंच आहे तर पुढचंही लिहा की. ते १९५१ साली उद्यान झालं, १९५९ ला तिथल्या मसाई लोकांना बाहेर काढलं आणि शेजारच्या न्गोरोंगोरोत राहा, गुरं चारा म्हणून शब्द दिला. आता त्याच न्गोरोंगोरोतून त्यांनी निघावं म्हणून टांझानिया सरकार मागं लागलंय. शब्दाचं वय साठ वर्षं. मी किनवटला शिकवते. माझ्या वर्गातल्या लेकरांचे आजे पैनगंगेच्या जंगलात मोहफूल वेचायचे, त्यांना आता स्वतःच्याच रानात 'अतिक्रमक' म्हणतात. 'मोकळी जागा' हा शब्द पुण्यात बसून सोपा आहे, दादा.

टेलीलेन्स
ताई, मुद्दा मान्य. शब्द मागं घेतो, वाघ मागं घेत नाही.

वनमजुराचा पोरगा
सगळे खात्यावर तुटून पडायच्या आधी माझं ऐका. माझे वडील रोजंदारीवर वनमजूर होते. होळीच्या आधी जाळरेषा काढायच्या, म्हणजे वणवा पुढं सरकू नये म्हणून गवताचा पट्टा मोकळा करायचा, एप्रिलमध्ये पाणवठ्यात टँकर रिकामा करायचा, आणि वणवा लागला की हिरव्या फांद्या घेऊन पळायचं. एकदा रात्री दोनला आले, भुवया जळालेल्या. आई म्हणाली डोंगर कुणाचा आणि भुवया कुणाच्या.

गौताळा २६० चौरस किलोमीटर आहे. एका गार्डच्या बीटात किती दऱ्या येतात ते चालून बघा. तरी तो गार्डच गावाच्या शिव्या खातो, कारण गावाला दिसणारा सरकारचा माणूस तोच.

पैशाचं सांगतो. ताडोब्याला गेटचे पैसे तिथल्याच प्रतिष्ठानकडं राहतात, व्याघ्र प्रकल्पांना कायद्यानंच तशी सोय आहे. आजूबाजूच्या गावांना गॅस, कुंपण, काय काय योजना. आमच्या मराठवाड्यात व्याघ्र प्रकल्प एकही नाही. वाघ येतो पाहुणा म्हणून, पण पाहुण्याच्या नावानं रेशन मिळत नाही.

पायपीट
नेपाळचं मी सांगते, चितवनला आठ दिवस राहून आले. घाटमाथा, तुमच्याशी सगळ्यात जवळचं उदाहरण हेच आहे असं मला वाटतं.

चितवन १९७३ चं. सुरुवात तिथंही उठवाउठवीनंच झाली, थारू लोकांना बाहेर काढलं, आणि राखणीला आजही नेपाळी सैन्य आहे. पण १९९६ पासून उद्यानाभोवती 'मध्यवर्ती क्षेत्र' आखलं, म्हणजे आपण बफर झोन म्हणतो ते. उद्यानाच्या कमाईतला ३० ते ५० टक्के वाटा त्या क्षेत्रातल्या गावांच्या समित्यांकडे जातो, हे नियमात आहे. समितीनं काय केलं ते बोर्डावर लिहिलेलं असतं. मी ज्या घरी उतरले होते तिथल्या समितीनं तारेचं कुंपण, एक छोटा बांध आणि शाळेची एक खोली केली होती.

आणि एक गोष्ट मला फार आवडली. हिवाळ्यात ठरावीक दिवस उद्यान गवतासाठी उघडतात. छपराला लागणारं लांब गवत, त्याला खर म्हणतात. बायका पहाटे नावेतून नदी ओलांडतात, दिवसभर कापतात, संध्याकाळी डोक्यावर एवढे भारे की माणूस दिसत नाही, भाराच चालतोय असं वाटतं. पूर्वी हे दिवस जास्त होते, मग कमी केले, त्यावरून कुरबूर आहेच. पण चराईबंदी आणि चाराबंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना कळलंय. गुरं आत सोडायची नाहीत, गवत कापून न्या.

आता दुसरी बाजू. अख्ख्या नेपाळात वाघ २००९ ला १२१ होते, २०२२ ला ३५५ झाले. माणसं मरायला लागली. तिथले तेव्हाचे पंतप्रधान ओली म्हणाले की आमच्या एवढ्याशा देशाला १५० वाघ पुरेत. हसण्यावारी नेलं लोकांनी, पण ज्याच्या घरातलं माणूस गेलं तो हसला नसेल.

घाटमाथा
ताई, गवताचं हे लिहून घेतलं. आमच्याकडं उन्हाळ्यात कडब्याची पेंढी कुठल्या कुठं जाते आणि डोंगरावर कुसळी वाळून वणव्याला निमित्त होते. कापून नेलं तर जाळरेषेचं कामही वाचेल. पोरगा, तुझ्या वडलांच्या भुवयाही.

विंडहूकचा परभणीकर
उशिरा बघितला धागा. मी बोअरच्या मशीनवर असतो, नामिबियात तीन वर्षं काढली, मागच्या वर्षी परत आलो जिंतूरला. आपल्यापेक्षा कोरडा देश. आपण दुष्काळ म्हणतो त्याला ते पावसाळा म्हणतील.

तिथली पद्धत अशी. १९९६ ला कायदा बदलून सरकारनं सांगितलं की गावांनी मिळून हद्द आखा, सभासद नोंदवा, समिती नेमा, वाटपाचा नियम लिहा, मग त्या हद्दीतल्या जनावरांवरचा हक्क तुमचा. त्याला कन्झर्व्हन्सी म्हणतात. अशा ८६ आहेत, देशाचा जवळपास पाचवा हिस्सा त्यात येतो. जमीन सरकारचीच राहते पण लॉजवाल्याला करार गावाशी करावा लागतो. राखणदार गावातलेच, पगार समिती देते. पूर्वी जे चोरून शिकार करायचे त्यातले काही आता राखणदार आहेत. चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

मला काम असायचं बोअरचं. तिथल्या वाळवंटी भागात हत्तीला पाण्याचा वास लागला की तो टाकी फोडतो, पाइप उपसतो. म्हणून पाण्याच्या टाकीभोवती छातीएवढी दगडी भिंत बांधतात आणि थोडं पलीकडं हत्तीसाठी वेगळं पाणी सोडतात. एका म्हातारीनं मला खुणेनं सांगितलं, आधी त्याचं भर, मग आमचं, नाहीतर तो आमचं घेईल. तीन तास मशीन चालवून ४० मीटरवर पाणी लागलं तेव्हा ती टाळ्या वाजवत नव्हती, भिंत कधी बांधणार ते विचारत होती.

आता कडू घोट. कन्झर्व्हन्सीच्या कमाईतला मोठा भाग शिकाऱ्यांकडून येतो. परदेशी माणूस परवाना काढून जनावर मारतो, पैसे समितीला, मांस गावाला. आपल्या कायद्यात हे बसत नाही आणि आपल्या मनालाही बसत नाही. २०२४ च्या दुष्काळात तर सरकारनंच ७२३ जंगली जनावरं मारून मांस वाटायचं ठरवलं, त्यात ८३ हत्ती. शिवाय समित्यांच्या पैशातला बराच भाग पगारात आणि गाड्यांच्या डिझेलमध्ये जातो, घरटी हातात पडतं ते थोडकंच. तरी लोक सोडायला तयार नाहीत. का, तर 'समितीत आपण भांडू शकतो'. हे वाक्य मी स्वतः ऐकलंय.

टेलीलेन्स
केनियात उलटं आहे. शिकार १९७७ पासून बंद. मसाई माराच्या कडेला जमिनी मसाईंच्या नावावर आहेत, तिथं त्यांनी जमिनी एकत्र करून पर्यटन कंपन्यांना भाड्यानं दिल्यात. एकरामागं भाडं, ठरलेल्या तारखेला. मी तिथं राहिलो होतो. गुरं कुठल्या महिन्यात कुठल्या पट्ट्यात चरणार याचंसुद्धा वेळापत्रक असतं. पण २०२० ला कोविडमध्ये पर्यटक आटले आणि भाडंही आटलं.

घाटमाथा
म्हणजे पर्यटन हे पण कोरडवाहूच की.

हिशोबनीस
पर्यटनाच्या नादी लागू नका, असंच सांगायला आलो. आमच्याकडं पितळखोरं, पाटणादेवी बघायला येणारा माणूस वडापाव खाऊन जातो. तेवढ्यावर गाव उभं राहत नाही. पैसा पर्यटकाकडून न घेता करातून द्यायची दोन उदाहरणं आहेत, ती माझ्या धंद्यातली म्हणून वाचली.

कोस्टारिका. छोटा देश. एके काळी जंगलतोडीत पुढं. १९९६ ला कायदा केला की ज्याच्या जमिनीवर झाडं उभी आहेत त्याला ती उभी ठेवण्याबद्दल सरकार पैसे देईल, करार करून. हे पैसे कुठून? पेट्रोल-डिझेलवरच्या करातून, ३.५ टक्के त्यासाठी बाजूला. म्हणजे गाडीवाला धूर सोडतो आणि डोंगरवाल्याला पैसे देतो. आज निम्म्याहून जास्त देश जंगलाखाली आहे. सगळं श्रेय या योजनेचं नाही, गोमांसाचा भाव पडल्यानं कुरणंही सुटली. पण ती योजना अजून चालू आहे, हे महत्त्वाचं.

ब्राझीलचं पाराना राज्य. तिथल्या काही नगरपालिकांची तक्रार होती की आमची अर्धी जमीन पाणलोट आणि राखीव जंगलात गेली, तिथं कारखाना येत नाही, मग कर कसा जमणार? तर १९९१ पासून राज्याच्या विक्रीकरातला एक वाटा 'तुमच्या हद्दीत राखीव क्षेत्र किती आणि ते किती नीट ठेवलंय' यावर वाटायला लागले. मग नगरपालिकाच म्हणायला लागल्या, आमच्याकडं पण राखीव करा. घाटमाथा, तुमच्या ग्रामपंचायतीला जर दरवर्षी डोंगराच्या हिशोबानं काही येत असतं तर पारावरचा अर्धा गाव उभा राहिला नसता. किंवा दुसऱ्या कारणानं उभा राहिला असता.

नाथसागर काठ
आमचं ऐकणार का कुणी? पैठणच्या बाजूला राहतो. आमच्या आज्याची जमीन धरणात गेली. मग आम्ही जाळं घेतलं. मग १९८६ ला पाणीच अभयारण्य झालं, ३४१ चौरस किलोमीटर. धरणात जमीन गेली, अभयारण्यात पाणी गेलं. रोहित पक्षी आमच्या डोक्यावरून जातात, छान दिसतात, मी पण मोबाईलवर काढतो. पण जाळं टाकताना कायम चोरासारखं वाटतं.

वरून तरंगतं सोलार येतंय. समाजाची पंच कमिटी हरित लवादात गेली, सुप्रीम कोर्टात गेली, दोन्हीकडं याचिका फेटाळली. विजेला माझा विरोध नाही, झटका मशीन पण सोलारवरच चालतं. पण मासेमाराला नियम सांगताना पक्षी आठवतात आणि पॅनल टाकताना पक्षी उडून जातात, हे काय गणित आहे?

पायपीट
दादा, या 'कोण वगळलं जातं' वर नेपाळमध्येही तसंच. समितीत जमीनवाले बसतात, नदीवर जगणारे बाहेर.

मोहफूल
उठवलेल्यांना परत जमीन मिळाली असं एक उदाहरण मी वर्गात सांगते. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर टोकाला मकुलेके लोक राहायचे. १९६९ ला गोऱ्या सरकारनं त्यांना ट्रकमध्ये भरून हलवलं. पुढं सरकार बदललं, त्यांनी दावा केला आणि १९९८ ला जमीन परत मिळवली. आता गंमत बघा, ते परत राहायला गेले नाहीत. मालकी आपल्या नावावर, जमीन उद्यानातच ठेवायची, लॉजचं उत्पन्न आपलं, आणि कारभार उद्यानवाल्यांबरोबर मिळून, असा करार केला. सरकारला वाटलं होतं, लोकांना जमीन दिली की नांगर फिरेल.

ऑस्ट्रेलियात उलुरूचा तो लाल डोंगर १९८५ ला अनांगू लोकांच्या नावावर केला, त्यांनी ९९ वर्षांसाठी उद्यानाला भाड्यानं दिला. बारा जणांच्या मंडळात आठ अनांगू. पर्यटकांनी त्यावर चढू नये असं ते कधीचे म्हणत होते, देवाचा डोंगर आहे. चढाई बंद झाली २०१९ ला. चौतीस वर्षं लागली, पण शेवटी बंद झाली ती मालकांच्या म्हणण्यानं. आधी सातबारा, मग बैठक. आमच्याकडं बैठका फार होतात.

कलमवाला
संभाजीनगरला वकिली करतो. बाहेरचं सगळं झालं, आता सोमवारच्या कामाचं. घाटमाथा, आधी सांगा डोंगर आणि गायरान कुणाच्या नावावर आहेत? सातबारा पाहिला का?

घाटमाथा
गुरुजी म्हणतात गावाचं आहे. पाहिला नाही.

कलमवाला
तिथंच घोळ आहे. वन्यजीव कायदा १९७२ चा. त्यात २००२ च्या दुरुस्तीनं दोन नवे प्रकार आले, लोक त्यांची गल्लत करतात.

समुदाय राखीव, कलम ३६ क च्या पुढचं. खासगी किंवा सामुदायिक जमिनीसाठी, आणि तेही मालकानं किंवा समाजानं स्वतः होऊन तयारी दाखवली तरच. समितीत ग्रामपंचायतीनं दिलेले किमान पाच आणि वन खात्याचा एक. हे गुरुजी म्हणतात ते. मात्र एकदा जाहीर झालं की जमिनीचा वापर बदलायला समितीचा ठराव आणि वर शासनाची मंजुरी, दोन्ही लागतं. आत जाणं सोपं, बाहेर पडणं अवघड. हे ग्रामसभेत मोठ्यानं वाचा.

संवर्धन राखीव. सरकारी जमिनीसाठी, विशेषतः अभयारण्याला लागून असलेल्या. स्थानिकांशी चर्चा करून जाहीर करतात, समिती असते, पण ती सल्ला देते. कारभार मुख्य वन्यजीव रक्षकाचा. तुमच्या वैजापूरच्या पलीकडं येवल्यात ममदापूर हे असं राखीव आहे, काळविटांसाठी. जाऊन या एकदा, मोटरसायकलवर होईल. तिथल्या माणसाला विचारा चराईचं काय झालं.

तुमचा डोंगर वन खात्याचा निघाला तर तो समुदाय राखीव होणारच नाही. मग तिसरी वाट वनहक्क कायद्याची, २००६ ची. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला तो त्यातून, २००९ ला. पण तुम्ही आदिवासी नसाल तर तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथं राहून त्या जंगलावर अवलंबून असल्याचा पुरावा लागतो. आज्याच्या काळातली चराईची पावती कुणाच्या ट्रंकेत असेल तर जपा.

आणि 'राखीव म्हणजे माळढोक' ही भीती कुठून आली तेही सांगतो. १९७९ ला सोलापूर-नगरकडं माळढोकचं अभयारण्य जाहीर केलं, ८,४९६ चौरस किलोमीटर. वर लातूरकरांनी यलोस्टोनचा आकडा दिलाय, जवळपास तेवढंच! फरक इतकाच की यांच्यात तालुकेच्या तालुके, बाजारपेठा, उसाचे फड सगळं आत. लोकांना जमिनीचे व्यवहार करता येईनात. पुढं ते कमी करून १,२२२ वर आणलं. तोवर लोकांच्या मनात तो पक्षी म्हणजे दुय्यम निबंधकाच्या ऑफिसातली अडचण होऊन बसला होता.

बालाघाट
मी पाटोद्याचा. नायगावच्या मोरांचं अभयारण्य आमच्या उशाला आहे, तीसेक चौरस किलोमीटर. त्यावर नंतर. मला गायरानावर बोलायचंय, कारण चारशे ओळींच्या या धाग्यात पहिल्या पोस्टनंतर, वकीलसाहेबांनी सातबारा विचारला तेवढं सोडून, तो शब्द कुणी उचलला नाही.

मराठवाड्यातलं गायरान म्हणजे नुसती गुरांची जागा नाही. कितीतरी गावांत दलित, भटक्या, भूमिहीन कुटुंबांनी दगड वेचून ते कसलंय. एकनाथ आवाडांनी आमच्या बीडकडं त्यासाठी आयुष्य घातलं. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय आहे, तरी असंख्य लोकांचा सातबारा अजून झालेला नाही. आता गाव म्हणणार, 'आम्ही सगळ्यांनी मिळून राखीव करायचं ठरवलं'. सगळे म्हणजे कोण? ज्याच्या नावावर बागायत आहे तो डोंगर राखायला एका पायावर तयार असतो, त्याचं काय जातंय? नामिबियाची समिती, नेपाळची समिती, सगळीकडं हाच प्रश्न आहे. घाटमाथा भाऊ, तुमच्या गायरानावर कुणी कसतंय का? राग मानू नका, विचारतोय.

घाटमाथा
राग नाही. उत्तर उद्या देतो, तलाठ्याकडं जाऊन येतो.

टेलीलेन्स
बालाघाट, 'चारशे ओळी' मोजल्या का खरंच?

बालाघाट
ऊसतोडीचा हिशोब ठेवलाय साहेब लहानपणी. अंदाज चुकत नाही.

घाटमाथा
जाऊन आलो. डोंगर वन खात्याचा, वकीलसाहेबांनी ओळखलं तसंच. गायरान शासनाचं, बावीस हेक्टर. त्यात अकरा घरं कसतात. त्यातली नऊ समाजमंदिराच्या पलीकडच्या वस्तीतली. मी या गावात जन्मलो, त्या बांधावरून शाळेत गेलो, पण अकरा आकडा आज पहिल्यांदा मोजला. गुरुजींना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, नकाशात ते पिवळं दाखवलंय, मला मोकळं वाटलं.

मग मी ग्रामसभेसाठी एवढं लिहिलंय, चूक काढा. एक, गायरान यातून बाहेर. दोन, डोंगरावर गुरं सोडायची नाहीत पण दिवाळीनंतर ठरावीक दिवस गवत कापून न्यायची मुभा, घरटी भारे ठरवून, आणि जाळरेषा गावानं काढायची, मजुरी खात्यानं द्यायची. तीन, पिकाच्या नुकसानीचा पंचनामा झाला की पैसे किती दिवसांत येणार ते लेखी. माझा मागच्या वर्षीचा अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात अजून फिरतोय. फोटोतला मका आडवा पडलेला तसाच आहे. चार, समिती सल्ल्याची असेल तर तिचा सल्ला का मानला नाही हे त्यांनी कागदावर सांगायचं.

कलमवाला
चौथं फार चांगलं आहे, कायद्यात नाही, पण मागायला काय जातं. तिसऱ्यात 'लेखी'च्या आधी 'मुदतीसह' घाला. आणि पहिल्यात 'बाहेर' एवढंच लिहू नका. गट नंबर टाका आणि अकराच्या अकरा नावं टाका. नाहीतर पुढच्या सरपंचाला ते परत मोकळं दिसेल.

वनमजुराचा पोरगा
जाळरेषेची मजुरी कामाच्या आठवड्यात, असं पण टाका. वडलांची शेवटची तीन महिन्यांची अजून...जाऊ द्या.

मोहफूल
त्या अकरा घरातल्या बायकांना ग्रामसभेला घेऊन या. आदल्या दिवशी महिला सभा असते, तिथंच आधी वाचा.

पायपीट
सोमवारचं काय झालं? कुणी लिहिणार का?

घाटमाथा
उशीर झाला लिहायला, अद्रकीची बेणं निवड चालू होती. महिला सभा झाली, बारा जणी आल्या. ज्यांच्यासाठी बोलावलं त्यातल्या सात. गवताच्या मुद्द्यावर त्यांनी माझं खोडून काढलं. म्हणाल्या, घरटी भारे नकोत, ज्याच्याकडं शेळ्या आहेत पण बांध नाही त्याला जास्त द्या. बांधवाल्याला बांधावर गवत आहेच. वहीत तसं बदललं.

सोमवारी मात्र ग्रामसभेला कोरम भरला नाही. आठवडी बाजार होता आणि त्यात मोसंबीचा व्यापारी आला होता. सभा तहकूब. पुढच्या गुरुवारी ठेवलीय.

बालाघाट
तहकूब सभेला कोरम लागत नाही बरं का. म्हणजे पाच जण बसून काहीही मंजूर करू शकतात. गुरुवारी व्यापारी येवो नाहीतर वाघ, ती अकरा घरं तिथं पाहिजेत.

घाटमाथा
आज संध्याकाळी वस्तीत जातोय. टकटक बंद पडलीय, बघून येतो आधी.